कर्णिकबाईंचं गिऱ्हाईक

डोंबिवलीच्या सुहासिनी कर्णिक यांच्या घरात उघडी म्हणावी अशी वस्तू शिल्लक नव्हती. टीव्हीवर क्रोशाचा रुमाल, फ्रिजवर क्रोशाचा रुमाल, फ्रिजच्या दांडीला क्रोशाची बाही, मिक्सरला झालरवाला झगा आणि पाण्याच्या पिंपाला टोपी. एकदा त्यांचा मुलगा सलिल सोफ्यावर बराच वेळ न हलता पेपर वाचत बसला, तेव्हा त्याची बायको वल्लरी त्याला म्हणाली की जरा हातपाय हलवत राहा, नाहीतर आई तुलाही काहीतरी घालून ठेवतील. सगळे हसले. सुहासिनीबाईही हसल्या, आणि हसता हसता सलिलच्या चष्म्याच्या घराचं माप त्यांनी नजरेनंच घेऊन टाकलं.

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. कानाला हेडफोन, समोर बोर्ड आणि मांडीवर दोऱ्याचा गुंडा. कॉल आला की सुई पदरात खोचायची, कॉल जोडून दिला की पुन्हा बाहेर काढायची. निवृत्त झाल्यावर मधले कॉल गेले आणि नुसती सुईच उरली. मग काय विचारता, कपाटं भरली, पलंगाखालची जागा भरली, वल्लरीच्या माहेरचीसुद्धा दोन कपाटं भरली.

कौतुकाला तोटा नव्हता. नात्यातल्या प्रत्येक लग्नाला, मुंजीला, वास्तुशांतीला कर्णिकांकडून क्रोशाचं काहीतरी जाणार हे ठरलेलं असायचं. घेणारी बाई "अगं, किती नाजूक काम" म्हणायची आणि बाईंचा चेहरा खुलायचा. पण मागच्या दिवाळीत त्या नौपाड्याला नणंदेकडे गेल्या असताना नणंदेनं माळ्यावरून फराळाचे डबे काढायला सांगितले. सुहासिनीबाई स्टुलावर चढल्या. डब्यांच्या पलीकडे एक गंजका पत्र्याचा कंदील होता आणि त्याची धार फळीला लागू नये म्हणून त्याच्याखाली एक घडी घातलेली होती. ती घडी म्हणजे त्यांनी अख्खा उन्हाळा खपून केलेला टेबलक्लॉथ होता. त्या डबे घेऊन खाली उतरल्या. चकलीसुद्धा त्यांनी छान झालीये म्हणत खाल्ली.

तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला. नातेवाईक काय, फुकट मिळालेल्या वस्तूला चांगलंच म्हणणार. ज्याला आपलं नावगाव माहीत नाही, ज्याला आपल्याला बरं वाटावं असं काही वाटत नाही, असा एखादा माणूस स्वतःच्या खिशात हात घालून आपलं काम विकत घेईल का? घेईल तर ही इतकी वर्षं सत्कारणी लागली. नाही घेतलं तर आपण नुसते दोऱ्याचे गुंडे उलगडत बसलो. पैशाची त्यांना गरज नव्हती, पेन्शन होती. त्यांना उत्तर हवं होतं.

वल्लरी पोरगी हुशार. सासूच्या मनात काहीतरी सलतंय हे तिच्या लक्षात आलं होतं, काय ते तिनं विचारलं नाही. तिनं कुठूनसा मोबाइलवर एक निरोप शोधून काढला. शहाडच्या पुढे, उल्हास नदीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका मोठ्या चिंचेखाली दर रविवारी सकाळी बाजार भरतो, आजूबाजूच्या गावातले आणि शहरातले लोक येतात, आणि नियम एकच की जे विकायचं ते स्वतःच्या हातानं केलेलं पाहिजे. सुहासिनीबाईंनी आधी आढेवेढे घेतले. मग कोणता टेबलक्लॉथ न्यायचा यावर चार दिवस घर डोक्यावर घेतलं.

पहिल्या रविवारी सलिलनं त्यांना गाडीनं नेऊन सोडलं. बाजार म्हणजे चिंचेभोवती गोल मांडलेली दुकानं. कुणाचं टेबल, कुणाची खाट, कुणी जमिनीवर ताडपत्री टाकून बसलेलं. बाईंना जागा मिळाली ती दोन मुरलेल्या लोकांच्या मधे. डाव्या हाताला रखमाबाई, टिटवाळ्याच्या पलीकडच्या गावच्या, सुपं आणि टोपल्या विणणाऱ्या. अंगानं काटकुळ्या आणि बोलायला कंजूष. उजव्या हाताला मोहन्याचे महिपतराव, घराच्या पडवीत लेथ टाकून लाटणी, पोळपाट, रव्या कातणारे. मिशा झुबकेदार, पण त्यांच्याआडून शब्द असा फारसा बाहेर पडत नसे. महिपतरावांच्या पलीकडे कळव्याची समीक्षा, मातीचे दागिने करणारी, आणि तिच्या तोंडाला मात्र विसावा नव्हता.

बाईंनी टेबल मांडलं, तोरणं टांगली, बाळाचं टोपडं एका उलट्या वाटीवर बसवलं. बाजार अजून नीट उघडलाही नव्हता. इतक्यात रखमाबाई आपल्या टोपल्यांमागून उठल्या, टेबलापाशी आल्या, एक पाण्याच्या तांब्यावर घालायचा छोटा रुमाल उचलला, किंमत विचारली आणि पैसे काढून दिले. भाव केला नाही, नाक मुरडलं नाही, उलटंसुलटं करून पाहिलंसुद्धा नाही. रुमाल पिशवीत टाकला आणि परत जाऊन बसल्या.

सुहासिनीबाईंनी नोट तशीच पर्समध्ये कोंबली, मोबाइल घेतला आणि रेंज मिळावी म्हणून तडक चिंचेच्या मागे गेल्या. वल्लरीला फोन लावून त्यांनी बातमी सांगितली. मग घराच्या वाटेवर असलेल्या सलिललाही फोन लावून तीच बातमी पुन्हा सांगितली. परत येईपर्यंत बाजार गजबजला होता.

त्यानंतर दिवसभरात पुष्कळ लोक आले. त्यांच्या टेबलापाशी थांबले, तोरणांना बोटं लावली, आणि जवळजवळ प्रत्येकजण एकच वाक्य बोलून पुढे गेला की छान आहे हो, माझी आई करायची. कुणाची आत्या करायची. एका गृहस्थांची तर कॉलेजातली प्राचार्या करायची. अख्ख्या महाराष्ट्रात क्रोशा न करणारी बाई जन्मालाच आली नव्हती की काय, असं बाईंना वाटायला लागलं. विकत कुणी काही घेतलं नाही. पण त्यांना त्याचं काही वाटलं नाही. एक तर विकलं गेलं होतं.

आणि दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच झालं. रखमाबाई उठल्या, आल्या, एक बारीकशी वस्तू उचलली, पैसे दिले, गेल्या. बाई चिंचेमागे गेल्या. तिसऱ्या रविवारीही तसंच. घरी जेवताना सुहासिनीबाईंनी ग्रामीण भागातल्या अभिरुचीवर छोटंसं व्याख्यान दिलं. शहरातल्या लोकांना हाताच्या कामाची पारख राहिली नाही, पण तिकडच्या बायकांची नजर अजून शाबूत आहे, असा त्याचा सारांश होता. सलिलनं विचारलं की या एकाच बाई दर वेळी घेतात का. त्यावर त्याला सांगण्यात आलं की एक पारखी गिऱ्हाईक शंभरांच्या बरोबरीचं असतं.

फक्त महिपतरावांचं त्यांना कोडं होतं. हे गृहस्थ त्यांच्याशी बोलत नसत. रागानं नव्हे, नुसतेच. बाई फोन करून परत आल्या की ते एकदा त्यांच्याकडे बघत, मग मान खाली घालून लाटण्याला पॉलिश पेपर घासू लागत. बाईंनी त्याचा आपल्या परीनं अर्थ लावला. त्यांच्याकडे सकाळी सकाळी गिऱ्हाईक येत नाही आणि आपल्याकडे येतं, म्हणून बिचाऱ्यांचा जीव तुटत असणार. मग चौथ्या रविवारी त्यांनी मन मोठं केलं. शेजारी जाऊन महिपतरावांना समजावलं की धीर सोडू नका, सुरुवातीला होतं असं, माल जरा नीट मांडा, खाली पांढरं कापड अंथरा, आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाइकाकडे बघून जरा हसा. महिपतराव त्या बाजारात तो सुरू झाल्यापासून बसत होते. ते "बरं" म्हणाले आणि घासत राहिले.

पाचव्या रविवारी सुहासिनीबाई पिशवीत एक खास वस्तू घेऊन आल्या. फिकट गुलाबी दोऱ्याची, मोत्यांचे घोस लावलेली उशीची खोळ. पक्क्या गिऱ्हाइकाला काहीतरी भेट द्यावी, दुकानदार देतात तशी, असा त्यांचा बेत होता. रखमाबाईंची सकाळची खरेदी नेहमीसारखी झाली, फोन झाला. मग दुपारी बाजार जरा निवांत झाल्यावर, बाई आणि समीक्षा कोपऱ्यातल्या गाडीवर चहा पीत उभ्या असताना बाईंनी तिला ती खोळ दाखवली आणि बेत सांगितला.

समीक्षा आधी खळखळून हसली. तिला वाटलं, मावशी गंमत करतायत. मग तिनं बाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातला कप खाली ठेवला.

"मावशी, सॉरी हां, पण रखमामावशी तुमचं गिऱ्हाईक नाहीये," ती म्हणाली. "ती तुमची बोहनी करते. इथे सगळेच करतात एकमेकांची."

आणि मग तिनं जे सांगितलं ते असं होतं. सकाळी बाजार उघडला की बाहेरची माणसं यायच्या आत प्रत्येकानं आपल्या उजव्या हाताच्या शेजाऱ्याकडून काहीतरी विकत घ्यायचं. अगदी बारीक वस्तू चालते. त्यानं त्याच्या उजव्या हाताच्या शेजाऱ्याकडून. असं चिंचेभोवती फिरत बोहनी पुन्हा पहिल्या माणसापाशी येते आणि दिवसाची पहिली विक्री झाली नाही असा माणूस गोलात उरत नाही. बोहनीला भाव करायचा नाही, वस्तू निरखायची नाही, कारण तो धंदा नसतो, शकुन असतो. मिळालेले पैसे कपाळाला लावायचे आणि उठून पुढच्याकडे जायचं.

सुहासिनीबाई उठून चिंचेच्या मागे जात होत्या.

बाई येण्याआधी रखमाबाईंच्या उजव्या हाताला महिपतराव होते. मधे बाई आल्या, तशी रखमाबाईंची बोहनी बाईंकडे गेली आणि तिथेच मुरली. महिपतराव पहिल्या रविवारपासून बिनबोहनीचे बसत होते.

"मग मला कुणी सांगितलं का नाही?" बाईंनी विचारलं.

"पहिल्या वेळी वाटलं, बघून कळेल. नंतर मी सांगणारच होते, पण काकांनी अडवलं. म्हणाले, मागून घेतलेली बोहनी नको मला." समीक्षा म्हणाली. "आणि माझी बोहनी ते करतातच आहेत हां. एक रविवार चुकवला नाही."

याचा अर्थ काय हे बाईंना कुणी समजावून सांगायला नको होतं. डोंबिवली स्टेशनाबाहेरचा भाजीवालासुद्धा स्वतःची बोहनी व्हायच्या आधी साधे सुट्टे देत नाही. पहिल्यांदा हातात पैसा यायचा, मग जायचा. महिपतराव दर रविवारी हातात काही आलेलं नसताना खिशातून काढून समीक्षाला देत होते, आणि त्यांना सुहासिनीबाईंनी हसायला शिकवलं होतं.

त्या दिवशी बाई लवकर घरी आल्या आणि डोकं दुखतंय म्हणून खोलीत जाऊन पडल्या. खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस त्यांना महिपतरावांचं वाईट वाटलं नाही, स्वतःचंच वाटलं. एकही वस्तू विकली गेली नव्हती. ज्या प्रश्नाचं उत्तर आणायला त्या नदीकाठी गेल्या होत्या ते उत्तर आलं होतं, आणि ते नणंदेच्या माळ्यावर मिळालेल्या उत्तरासारखंच होतं. लोकांनी पुन्हा एकदा त्यांना बरं वाटावं म्हणून त्यांचं काम घेतलं होतं. त्यांनी सुई हातात घेतली नाही, आणि कर्णिकांच्या घरात सुई हातात न घेतलेली सुहासिनी म्हणजे काळजीची गोष्ट होती. सलिलनं तर गुपचूप तापमापक शोधून ठेवला.

मंगळवारी भाजी निवडताना त्यांनी वल्लरीला सगळं सांगितलं. आपण बाजारात कसे मूर्ख ठरलो, आपलं एकही काम कसं खपलं नाही, सगळं. वल्लरीनं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो भलताच.

"म्हणजे आई, ते काका इतके रविवार तसेच बसले?"

बाईंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. त्यांना आपला एक्स्चेंजमधला बोर्ड आठवला. इकडचा माणूस आणि तिकडचा माणूस जोडून द्यायचा आणि आपण मधून बाजूला व्हायचं, एवढंच तर त्यांनी आयुष्यभर केलं होतं. एकदा एक नवी मुलगी कॉल जोडायचा सोडून स्वतःच त्या माणसाशी गप्पा मारत बसली होती, तेव्हा तिला सगळ्यात जास्त झापणाऱ्या सुहासिनी कर्णिकच होत्या. आता त्या स्वतःच मधे बसून लाइन अडवून ठेवत होत्या, आणि वर आनंदानं घरी फोन करत होत्या. बाईंना आधी हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू आलं. वल्लरीनं मेथी बाजूला सरकवली आणि त्यांना रडू दिलं.

पुढच्या रविवारी त्या सगळ्यांच्या आधी जाऊन बसल्या. टेबल मांडलं नाही, तोरणं टांगली नाहीत. महिपतराव स्कूटरवरून पोतं घेऊन आले, ताडपत्री अंथरली, लाटणी ओळीनं लावली. रखमाबाई अजून आल्या नव्हत्या, म्हणजे बाईंची स्वतःची बोहनी व्हायची होती. ती होईपर्यंत त्या थांबल्या नाहीत. महिपतराव इतके रविवार नाही थांबले, तर आपण कशाला, असं त्यांनी घरून निघतानाच ठरवलं होतं. त्यांनी ताडपत्रीपाशी जाऊन पहिलं हाताला लागलेलं लाटणं उचललं आणि किंमत विचारून पैसे पुढे केले.

महिपतरावांनी बाईंकडे पाहिलं. मग त्यांनी ती नोट दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, डोळ्यांना लावली आणि क्षणभर तशीच धरून ठेवली. बाई क्षमा मागायला म्हणून वाक्य जुळवून आल्या होत्या, पण ते राहूनच गेलं. महिपतरावांनी लाटणं वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं आणि सांगितलं की साबण लावू नका, आठवड्यानं खोबरेल चोळा. इतक्या रविवारांत ते एवढं लांब पहिल्यांदाच बोलले होते. मग ते उठून समीक्षाकडे गेले, आणि समीक्षानं तिथूनच अंगठा उंचावून बाईंना शाबासकी दिली.

त्या दिवसापासून बाजार बाईंशी बोलायला लागला. आणि बोलायला लागला म्हणजे काय, विचारू नका. आजवर त्या पाहुण्या होत्या, पाहुण्याला कोण तोंडावर बोलतं? आता त्या गोलातल्या झाल्या. रखमाबाईंनी सरळ सांगून टाकलं की तो पहिल्या दिवशीचा तांब्याचा रुमाल पोरांनी चेंडू बांधायला नेला. महिपतराव म्हणाले की हे पांढरंशुभ्र काम आमच्या मोहन्याच्या धुळीत दोन दिवस टिकणार नाही, जरा मळखाऊ रंग घ्या. समीक्षाचं म्हणणं होतं की मावशी, काम एकदम भारी आहे तुमचं, पण आता टीव्ही भिंतीला चिकटलेले असतात, त्याच्यावर रुमाल ठेवणार कुठे. यातलं प्रत्येक वाक्य बाईंना झोंबलं. घरी जाऊन त्या चडफडल्या, मी कधीपासून करतेय आणि हे मला शिकवतात, म्हणाल्या. आणि रात्री जेवण झाल्यावर मळखाऊ दोऱ्याचा गुंडा घेऊन बसल्या.

कुणीतरी खरं बोललं होतं, ही गोष्ट त्यांना हळूहळू आवडायला लागली. नातेवाइकांत हे सुख नव्हतं. त्याही आता मोकळेपणानं बोलू लागल्या. रखमाबाईंच्या टोपलीचा कान हाताला कापतो हे त्यांनी सांगितलं, नुसतं सांगितलं नाही तर त्या कानाला जाड दोऱ्याचं वेटोळं विणून दाखवलं. रखमाबाईंनी ते दोनदा ओढून पाहिलं आणि अजून टोपल्या त्यांच्यापुढे सरकवल्या. डबा खाताना आता चौघं एकत्र बसत. वल्लरीला रविवारी सकाळी येणारा फोन बंद झाला. तिला आधी चुकल्याचुकल्यासारखं झालं, मग बरं वाटलं.

एक गोष्ट मात्र तशीच राहिली होती. बाहेरची गिऱ्हाइकं अजूनही "माझी आई करायची" म्हणून पुढे जात. सकाळची बोहनी व्हायची, बाई पैसे कपाळाला लावायच्या, लाटणं नाहीतर पळी विकत घ्यायच्या. कर्णिकांच्या घरात आता लाटण्यांची फौज उभी राहिली होती. पण बोहनी सोडून त्यांचं काम कुणी घेतलं नव्हतं. गप्पांत दिवस छान जायचा, तरी टेबल आवरताना ते सगळं जसंच्या तसं पिशवीत परत भरताना त्यांच्या छातीत बारीकसं दुखायचंच. मैत्रिणी मिळाल्या, मग आणखी काय हवं, असं त्यांनी मनाला बजावलं. मन ऐकत नव्हतं.

थंडी पडायला लागली तशी बाईंनी एक कुंची केली. लहान बाळाच्या डोक्यावरून पाठीपर्यंत येणारी, वीटकरी रंगाच्या मऊ दोऱ्याची, कडेला हळदी रंगाची वेल. यात मोती नव्हते, कारण बाळ मोती गिळतं असं समीक्षा म्हणाली होती. गळ्याचा बंद ओढला तरी सुटणार नाही असा घट्ट होता, कारण महिपतरावांनी आधीच्या एका टोपड्याचा बंद हातानं उसवून दाखवला होता. ही कुंची त्यांनी टेबलाच्या मधोमध ठेवली.

दुपार झाली, गर्दी ओसरली. बोहनी सकाळीच होऊन गेलेली होती. बाई आवराआवर करायच्या विचारात होत्या, इतक्यात रखमाबाई टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. चार दिवसांपूर्वी त्यांच्या मुलीला मुलगी झाली होती, पेढा बाईंनी सकाळीच खाल्ला होता. रखमाबाईंनी कुंची उचलली. उजेडाकडे धरून पाहिली. उलटी केली आणि आतले टाके पाहिले. कडेची वेल नखानं खरवडून पाहिली. बंद दोन्ही हातांनी ताणला. मग कुंची गालाला लावली आणि बराच वेळ तशीच धरली.

बाईंच्या ओठावर आलं होतं की न्या हो, माझ्याकडून बाळाला. हात पुढे झालासुद्धा होता.

"केवढ्याला हाय गं बाय ही?" रखमाबाईंनी विचारलं.

बाईंनी किंमत सांगितली.

"येवढी? दोऱ्याचीच तर हाय. कमी कर."

सुहासिनीबाईंचा पारा चढलाच होता. दोऱ्याचीच म्हणजे काय, टोपल्या काय सोन्याच्या असतात, असं काहीतरी त्या बोलणार होत्या. आणि तेवढ्यात त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इतक्या रविवारांत रखमाबाईंनी त्यांच्याकडे एकदाही भाव केला नव्हता. बोहनीला कुणी भाव करत नाही. वस्तू हवी असली, अगदी मनापासून हवी असली आणि ती आपल्या खिशाला परवडावी असं वाटलं, की माणूस भाव करतो.

बाईंचे डोळे भरून आले. त्यांना रखमाबाई नीट दिसेनात. तरीही त्यांनी मान हलवली आणि नाही म्हणाल्या. रखमाबाईंनी आपला आकडा सांगितला. बाईंनी दोऱ्याची जात सांगितली, वेलीला लागलेले दिवस सांगितले, बंदाची गाठ ओढून दाखवली. रखमाबाईंनी कुंची टेबलावर ठेवून दिली आणि पाठ फिरवून चालायला लागल्या, अगदी भाजीवाल्याकडून निघतात तशा, कान मागे ठेवून. एक पाऊल, दुसरं पाऊल. हाक मारावी, अर्ध्या किमतीत द्यावी, फुकट द्यावी, पण ही कुंची त्या बाळाच्या अंगावर जावी असं त्यांना वाटलं.

शेजारी पॉलिश पेपरचा आवाज थांबला.

"ताई, सोडू नका," महिपतराव मान वर न करता म्हणाले. "गिऱ्हाईक आहे."

सुहासिनीबाईंनी पदरानं डोळे पुसले, खाकरून घसा साफ केला आणि भाव एकच, घ्यायची असेल तर घ्या, नाहीतर मी आता आवरतेय, असं रखमाबाईंच्या पाठीला ठणकावून सांगितलं. रखमाबाई थांबल्या. ही बाय लय कडक हाय, असं चिंचेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं पुटपुटत त्या परत फिरल्या, आणि कमरेची पिशवी सोडून पैसे काढू लागल्या.